आजोबांची .३१५ रायफल : दस्ता मूळचा की बदललेला?

बाबा जून २०२३मध्ये गेले. माजघरातल्या लोखंडी कपाटात त्यांची एक जुनी शिकारी रायफल होती. बी.एस.ए. कंपनीची, .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), बोल्ट ॲक्शन, म्हणजे मागचा 'बोल्ट' नावाचा दांडा हाताने ओढून काडतूस भरायची. आधी ती आजोबांच्या परवान्यावर होती, मग बाबांच्या आली. ती माझ्या नावावर करून घेणं हे एक काम होतं. तिचा कुठला भाग कारखान्यातून आलेला आणि कुठला नंतर बसवलेला हे ओळखणं हे दुसरं. दोन्ही कामं एकमेकांत गुंतत गेली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये संपली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका कितीतरी घरांत आहेत. त्या सांभाळणारी पिढी आता थकली आहे. त्यांच्यामागे मुलांना काय करायचं हेच सुचत नाही, मलाही सुचत नव्हतं. म्हणून घडलं तसं सगळं लिहिते.

परवानाधारक गेला की ते शस्त्र घरात ठेवण्याचा आपला हक्क संपतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि धाकटा भाऊ ठाण्यात गेलो. सोबत आबाकाका होते. ते बाबांचे शाळासोबती. सैन्यात आर्मरर होते, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. कपाटातली उरलेली काडतुसंही आम्ही बरोबर नेली, कारण तीही जमा करावी लागतात आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. पावतीवर 'एक जुनी रायफल' एवढंच लिहिलं जात होतं. आबाकाकांनी नम्रपणे विनंती केली आणि बनावट, बोअर, नंबर, सोबत 'दस्ता अखंड, नळीवर किरकोळ गंज' असं लिहून घेतलं. त्यांच्या सांगण्यावरून मी आदल्या रात्रीच दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. पुढे या फोटोंचा फार उपयोग झाला.

ऑगस्ट २०२३मध्ये सिंधुदुर्गनगरीला जिल्हादंडाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. वारसासाठी शस्त्र नियम २०१६मध्ये तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं की त्याला वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. बाबांचं वय तेवढं झालेलं होतं, पण आम्हां कुणाला हे माहीतच नव्हतं. ज्यांचे आईवडील अजून आहेत त्यांनी हे त्यांच्याशी जरूर बोलावं. अर्जासोबत मृत्यूदाखला, बाबांचा मूळ परवाना, ठाण्याची पावती, वारसांची माहिती, आई आणि भावाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, ओळखीचे आणि रहिवासाचे पुरावे आणि फोटो जोडले. मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स धरून साधारण बाराशे रुपये गेले. प्रत्येक कागदाचे तीन संच करा. एक तुमच्यापाशी राहू द्या, कारण चौकशीच्या वेळी ठाण्यात तेच कागद पुन्हा मागतात.

पोलीस चौकशी हिवाळ्यात झाली. शेजाऱ्यांचे जबाब, माझा जबाब, शस्त्र घरात कुठे ठेवणार त्याची पाहणी. सरकारी रुग्णालयातून शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला घेतला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण केलं. प्रशिक्षणाला त्या तुकडीत बाई म्हणून मी एकटीच होते. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, पण शिकवणारे गृहस्थ फार समजूतदार होते. 'नळी कुठे रोखली आहे आणि बोट कुठे आहे, एवढं कायम लक्षात ठेवा' हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आता रायफल हातात घेतली की आधी तेच आठवतं.

जानेवारी २०२४मध्ये भावाला वाटू लागलं की विकून टाकलेली बरी. आम्ही घाटावरच्या एका शस्त्रांच्या दुकानात गेलो, सोबत फक्त मोबाइलमधले फोटो. दुकानदाराने ते मोठे करून पाहिले आणि म्हणाले, "लाकूड बदललेलं आहे, ताई. सगळीवर पॉलिशही मारलेली दिसते. ओरिजिनल असती तर गोष्ट वेगळी होती. परवाना झाल्यावर आणा, पंधरा हजार देतो." बोलणं सरळ होतं. फसवण्याचा भाव त्यात मला दिसला नाही. पण परतीच्या वाटेवर मी अस्वस्थ होते. घरात लहानपणापासून 'विलायती रायफल' असंच ऐकत आले होते. पंधरा हजार की पन्नास हजार हा प्रश्न माझ्यासाठी बाजूला पडला. आजोबांनी खांद्याला लावलेलं लाकूड हेच का, एवढं मला कळायला हवं होतं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ७ मेला आमच्याकडे मतदान झालं, ४ जूनला निकाल. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्रांचे अर्ज मागे पडतात, ते धरूनच चालायचं. रायफल ठाण्यात होती आणि दुसरा पावसाळा तोंडावर आला होता. किनाऱ्याकडच्या दमट हवेत लोखंडाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या काळजीत मी वाचत राहिले आणि आबाकाकांना प्रश्न विचारत राहिले.

वाचलं त्यातलं उपयोगाचं थोडं सांगते. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ची कंपनी. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, ही तिची खूण. .३०३ हा सैन्याचा बोअर, म्हणून इथल्या शिकाऱ्याला तो मिळत नसे. त्यामुळे ली-एन्फिल्ड या सैन्याच्या रायफलीच्याच धाटणीची यंत्रणा ठेवून .३१५ बोअरच्या रायफली इथल्या बाजारासाठी तयार होत. नंतर आपल्या इशापूरच्या कारखान्यानेही .३१५ रायफली बनवल्या. त्यामुळे घरात .३१५ असेल तर ती विलायती की इशापूरची हे आधी शिक्क्यांवरून पाहावं, मग लाकडाकडे वळावं. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की या जातीच्या रायफलीचं लाकूड एकसंध नसतं. नळीखालचा पुढचा भाग वेगळा आणि खांद्याला लावायचा दस्ता वेगळा. मधे लोखंडी खोबण असते आणि दस्ता आतून एका लांब बोल्टने तिच्यात आवळलेला असतो. म्हणजे एक तुकडा मूळचा आणि दुसरा नंतरचा, हे सहज शक्य आहे. दुकानदाराच्या 'लाकूड बदललेलं आहे' या वाक्यातले माझ्यासाठी दोन प्रश्न झाले.

ऑगस्ट २०२४मध्ये परवाना हातात आला. पाच वर्षांचा, २०१९च्या दुरुस्तीनंतर मुदत तेवढी झाली आहे. ठाण्यातून रायफल सोडवली तेव्हा नळीच्या डाव्या बाजूला तांबूस गंजाची बारीक साय आली होती. माझा हात लगेच तेलाच्या बाटलीकडे गेला. आबाकाका म्हणाले, "तेल बिल काय लावू नको हां आत्ता. आधी बघूया, मगे पुसूया." तेल लावलं की सगळ्या लाकडाचा रंग एकसारखा गडद होतो, जुन्या-नव्यातला फरक झाकला जातो. फक्त कोरड्या सुती फडक्याने अलगद टिपून घेतलं. पितळी ब्रश, काचकागद, गंज काढायची रसायनं यांतलं काहीही पाहणी होईपर्यंत जवळ आणू नये.

गणपती उठल्यावर एक उघाडीचा दिवस मिळाला. पडवीत घोंगडी अंथरली, उत्तरेकडून येणाऱ्या मऊ उजेडात रायफल ठेवली. "पयलो बोल्ट काढ गो, मगे बाकीचा," आबाकाका म्हणाले. मॅगझिन काढलं, बोल्ट काढला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीने करून घेतली. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुरुवात शिक्क्यांपासून केली. बोल्टच्या दांड्यावरचा आणि मागच्या पोलादी भागावरचा नंबर एकच निघाला, आणि तोच परवान्यावर. नळीवर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. असे वेगवेगळे शिक्के होते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे जिथे नळी जादा दाबाचा बार काढून तपासतात तिथे, एन.पी. हा शिक्का १९०४च्या नियमांनी सुरू झाला आणि १९५४नंतर त्याजागी बी.एन.पी. असा जोडशिक्का आला. आजोबांचा पहिला परवाना १९५१चा. दोन्हींचा मेळ बसला.

मग आबाकाकांनी टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरायला सांगितली. तिरप्या उजेडात शिक्क्याची अक्षरं एकदम उठून दिसली. ठसा मारताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला अगदी बारीक उंचवटा उरतो. त्यावरून नख फिरवलं की किंचित अडखळतं. नळी पुन्हा काळी करायची म्हणजे आधी ती घासून गुळगुळीत करावी लागते. त्यात हा उंचवटा पहिला जातो, अक्षरांच्या कडा बसतात, स्क्रूच्या भोकांची तोंडं बशीसारखी खोलगट होतात आणि सपाट भागांच्या धारदार कडा गोल होतात. आमच्या रायफलीवर नख अडखळत होतं. चेंबरजवळच्या सपाट भागाची धारही शाबूत होती.

गंजाचे खड्डे भिंगातून पाहिले. माझ्या मते ही सगळ्यांत सोपी आणि भरवशाची परीक्षा आहे. खड्ड्याच्या तळाशी काळा-निळा रंग असेल तर आधी गंज चढला आणि नंतर रंग दिला गेला, म्हणजे ब्लूइंग (पोलादावरचा हा काळा-निळा रंग) नव्याने केलेलं. तळ तपकिरी किंवा राखाडी असेल तर रंग आधीचा, गंज नंतरचा. आमच्या नळीवरचे सगळे खड्डे तळाशी तपकिरी होते. झीजही जिथे असायला हवी तिथेच होती. नळीच्या तोंडाशी, गवसणीत घालता-काढताना घासून, चांदीसारखा पांढरा पट्टा आलेला. मॅगझिनच्या पुढे, जिथे तोल साधायला हात धरतो, तिथे रंग विरलेला. नेम धरायच्या मागच्या माशीच्या आडोशाला मात्र तो गडद. नव्याने रंगवलेल्या नळीवर रंग सगळीकडे सारखाच दिसला असता. बोल्ट उघड्या पोलादाचाच होता, त्यावर कुणी काळा रंग चढवलेला नव्हता. 'सगळीवर पॉलिश मारलेली' हे दुकानदाराचं म्हणणं धातूपुरतं तरी मागे पडलं. मला फार बरं वाटलं. आबाकाका फक्त म्हणाले, "थांब, लाकूड बघूक होया अजून."

पुढच्या लाकडावर बोट फिरवलं तर जिथे ते पोलादाला भिडतं तिथे लाकूड धातूपेक्षा केसभर उंच लागलं. चांगल्या कारागिराने बसवलेलं लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा किंचित वर असतं. पुढे कुणी काचकागद मारला की ते खाली जातं आणि धातूची कड बोटाला टोचते. दस्त्याकडे आलो तर नेमकं तेच. लोखंडी खोबणीपाशी डाव्या बाजूला लाकूड धातूच्या खाली होतं. उजव्या बाजूला बारीक फट होती आणि ती काळपट काहीतरी भरून बुजवलेली होती.

चेकरिंगमध्येही फरक होता. पकड घट्ट राहावी म्हणून लाकडावर कोरलेल्या बारीक चौकटींच्या जाळीला चेकरिंग म्हणतात. पुढच्या लाकडावरच्या चौकटी हाताखाली झिजून सपाट झाल्या होत्या, पण कडेची रेघ सगळीकडे एकाच खोलीची, आणि एकही आडवी रेघ तिच्याबाहेर गेलेली नाही. दस्त्याच्या मानेवरच्या, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावरच्या, चौकटी जरा मोठ्या होत्या. दोन-तीन ठिकाणी रेघ कडेच्या बाहेर सरकली होती आणि सगळ्या खाचांत चकचकीत पॉलिश भरलं होतं. चेकरिंग मूळचं असो वा नसो, खाचांत पॉलिश साचलेलं असेल तर वरचा थर नंतरचा आहे हे समजावं. पुढच्या लाकडाच्या खाचा कोरड्या होत्या आणि भिंगातून तळाशी लालसर छटा दिसत होती.

या लालसर छटेने मी बराच काळ खिळून राहिले. इंग्लंडचे जुने कारागीर दस्त्याला अळशीचं तेल हाताने चोळून चोळून मुरवत आणि त्यात एका मुळीचा लाल रंग उतरवत. ती मुळी रतनजोतीच्या जातीची. काष्ठौषधीच्या दुकानात आपल्याला मिळते, तेलाला रंग आणायला वापरतात, तीच रतनजोत. मी कुडाळच्या बाजारातून वीस रुपयांची आणली आणि वाटीत अळशीच्या तेलात भिजत घातली. दुसऱ्या दिवशी तेल माणकासारखं लाल झालं. त्या खाचांतला रंग याच जातीचा वाटतो. हा पुरावा मी पक्का धरत नाही, पण बाकीच्या खुणांच्या जोडीला ठेवते.

ही पाहणी अर्धवट असतानाच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल पुन्हा ठाण्यात जमा करावी लागली. कोकणातल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. भातं तयार असतात, रानडुकरं शेतात उतरतात आणि बंदूक ठाण्यात. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी वेळेत छाननी समितीकडे सवलतीचा अर्ज करावा. माझी गरज तशी नव्हती, मी केला नाही. २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये रायफल परत मिळाली. मधल्या काळात पॉलिश तपासायची तयारी करून ठेवली होती.

पॉलिशची परीक्षा दोन तऱ्हांनी केली. पहिली, नोटा तपासायला वापरतात तसली अतिनील टॉर्च. ऑनलाइन साडेचारशेला मिळाली. घेताना ३६५ नॅनोमीटरची घ्या, स्वस्तातल्या ३९५च्या टॉर्चमध्ये जांभळा उजेडच इतका पडतो की बाकी काही दिसत नाही. रात्री खोलीत अंधार करून दस्त्यावर धरली आणि संपूर्ण दस्ता नारिंगी उजळला. लाखेच्या पॉलिशची ही ओळख. आपले सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून जे पॉलिश मारतात तेच. पुढचं लाकूड मंद, मातकट राहिलं. हाताचा मळ आणि मेणही थोडंफार चमकतं, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही. दुसरी परीक्षा स्पिरिटची. कानातल्या कापसाच्या काडीला अगदी थोडं स्पिरिट लावून, दर्शनी भागावर नाही, तर लाकूड आत वळतं तिथे आडोशाला टेकवलं. दस्त्यापाशी कापूस तपकिरी आणि चिकट झाला. पुढच्या लाकडापाशी नुसता किंचित मळला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. वाळून मुरलेलं अळशीचं तेल विरघळत नाही. हल्लीचं मेलामाइन किंवा पीयू पॉलिश असतं तर तेही विरघळलं नसतं, पण त्याचा प्लॅस्टिकसारखा थर डोळ्यांनाच दिसतो.

म्हणजे दस्त्यावरचा थर इथला होता. पण लाकूड? मूळच्या अक्रोडाच्या दस्त्यावर कुणी नुसती लाख मारलेली असू शकते. त्यासाठी दस्ता उतरवणं भाग होतं, आणि ते घरी करायचं नाही. शस्त्राच्या दुरुस्तीला कारागिराकडे परवाना लागतो, शिवाय चुकीच्या क्रमाने उघडलं तर पुढचं लाकूड चिरतं.

जानेवारी २०२५मध्ये फोंडाघाटाने कोल्हापूरला गेले. माझ्या परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं आहे, घाट ओलांडण्यापूर्वी ते पाहून घेतलं. बोल्ट वेगळा, रायफल कुलूपबंद पेटीत, काडतूस एकही नाही, मूळ परवाना जवळ. भाऊ आणि आबाकाका सोबत. गाडीचं पेट्रोल आणि जेवण धरून अडीच हजार गेले. परवानाधारक कारागिराने तपासणीचे आणि लेखी अहवालाचे दीड हजार सांगितले. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारी पाती निवडण्यातच त्यांनी बराच वेळ घेतला. मला ते पाहून विश्वास वाटला. आधी पुढचं लाकूड काढलं. आतली पन्हळ कोरडी, चॉकलेटी, बारीक गडद रेघांची. नळीचा झाकलेला खालचा भाग गडद काळा, आणि जिथपर्यंत लाकूड तिथपर्यंतच तो रंग, सरळ रेघेत. हे लाकूड आणि ही नळी पहिल्यापासून एकत्र आहेत, असं कारागीर म्हणाले.

मग दस्त्याची बटप्लेट, म्हणजे खांद्याकडच्या टोकावरची पट्टी, काढली. प्लेट जुनीच होती, तिच्या झिजेवरून आणि स्क्रूंवरून ते मूळची म्हणाले. पण प्लेटखालचं लाकूड जांभळट तपकिरी, काळ्या पट्ट्यांचं. आणि त्यावर पेन्सिलीने, अगदी स्पष्ट, लिहिलेलं होतं: १३॥

कारागिरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते लगेच वाचता आलं. आजोबांच्या हिशेबाच्या वह्यांत आकडे असेच असत, पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन. नवे पैसे १९५७मध्ये आले तरी जुनी माणसं पुढे कित्येक वर्षं अशीच लिहीत. साडेतेरा. कारागिरांनी चापापासून बटप्लेटच्या मध्यापर्यंत पट्टी लावली. साडेतेरा इंच भरलं. ज्याने हा दस्ता घडवला त्याने माप घेऊन इथे टिपून ठेवलं होतं, आणि तो माणूस मराठीत मोजणारा होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात असं कुणी लिहिलं नसतं.

दस्ता आवळणाऱ्या लांब बोल्टच्या भोकातून त्यांनी लाकडाची एक बारीक कपची काढून कागदाच्या पुडीत दिली. ती घेऊन मी पुढच्या आठवड्यात सावंतवाडीला, लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. रायफल नेली नाही, कपची आणि फोटो पुरेसे होते. त्यांनी कपचीवर नखाने ओरखडा काढला, नाकाशी धरली आणि म्हणाले, "शिसव. जुनी शिसव. वास अजून गेलेलो नाय." मीही वास घेतला. मंद, गोडसर. शिसव सह्याद्रीतलंच झाड. अक्रोड आपल्याकडे होत नाही, म्हणून इथल्या सुताराने हाताशी होतं त्यातलं सगळ्यांत भारी, टिकाऊ लाकूड निवडलं असणार.

कधी बदलला हे शोधायला घरचे फोटो काढले. आजोबांचा खळ्यात उभे असलेला, रायफल हातात धरलेला एक फोटो आहे. मागे १९५५ असं लिहिलेलं. त्यात दस्त्याखाली पट्टा अडकवायची कडी स्पष्ट दिसते. आताच्या दस्त्यावर कडी नाही आणि तिचं भोकही नाही. फोटो घेऊन आत्याकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण आठवण चोख. "व्हाळात पाय घसारलो बाबांचो. बंदूक दगडार आपाटली आणि मानेत मोडली. माझा लगीन व्हायचा होता तेवा." आत्याचं लग्न १९६२चं. म्हणजे १९५५ ते १९६२च्या दरम्यान. कुणी केला हे तिला आठवत नाही. कुणीतरी वाडीला, म्हणजे सावंतवाडीला, नेली होती, एवढंच.

कोल्हापूरच्या कारागिरांनी नवा अक्रोडी दस्ता आणि संपूर्ण ब्लूइंग मिळून अठरा हजार सांगितले होते. भावाने विचार करू म्हटलं. मी नको म्हटलं, आणि त्यामागचं माझं कारण स्पष्ट आहे. ब्लूइंग करायचं तर नळी घासावी लागेल आणि ज्या अक्षरांवर माझं नख अडखळलं ती बोथट होतील. मूळचा रंग एकदाच असतो. विरलेला असला तरी तो खरा आहे. दस्ता बदलला तर रायफल फोटोत विलायती दिसेल, पण ती जोडणी माझ्या वेळची असेल, आजोबांच्या वेळची नाही. त्यांनी पुढची कितीतरी वर्षं याच शिसवीला गाल लावला. भावाला पटलं, विकायचा विषयही त्याने सोडला.

फेब्रुवारी २०२५मध्ये लेखी अहवाल आला. नळी, बोल्ट व यंत्रणा मूळ, नंबर जुळणारे. ब्लूइंग मूळ, वापराने विरलेलं. पुढचं लाकूड अक्रोड, मूळ, तेलाचं फिनिश. बटप्लेट मूळ. दस्ता शिसवी, भारतात घडवलेला, लाखेचं पॉलिश. दुकानदार अर्ध्या गोष्टीत बरोबर होते, हे नोंदवणं मला योग्य वाटतं. पण 'ओरिजिनल आहे की नाही' असं एका शब्दात विचारलं तर हा अहवाल लिहिताच आला नसता. तुम्ही कारागिराकडे जाल तेव्हा प्रत्येक भागाबद्दल वेगळं विचारा, आणि लाकूड व त्यावरचं फिनिश यांबद्दलही वेगवेगळं.

अहवालाची एक प्रत परवान्याच्या फायलीत आहे, एक भावाकडे. पावसाळ्यासाठी रायफल गवसणीतून काढली, कारण चामडं आणि फोम दोन्ही ओल धरतात. आता ती कपाटात सुती कापडात असते, नळीला तेलाचा पातळ हात, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पंधरा दिवसांनी कोरडं पुसणं. लाकडाला मी काहीही लावत नाही.

दस्ता कुणी घडवला हे मी अजून शोधते आहे. त्याच सुमारास, त्याच भागात त्याने आणखीही दस्ते घडवले असतील. तुमच्या घरच्या बंदुकीला शिसवीचा दस्ता असेल, मानेवरची जाळी जराशी कडेबाहेर गेलेली असेल, तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी परवानाधारक कारागिराला बटप्लेटखाली पाहायला सांगा. पेन्सिलीचे आकडे निघाले तर त्यांचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.